विनॲम्प परत टाकला, आणि सोबत आयती आलेली ती गाणीपण परत ऐकली

माळा आवरायला काढला आणि जुना कॅबिनेट खाली आला, तिथून हे सगळं सुरू झालं. लालबागच्या खोलीत २००३ साली आलेला पीसी, लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट घेऊन जोडलेला, पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, सगळं मिळून २७ हजार झाले होते आणि बाबांनी ते पतपेढीतून काढले होते. आता मशीन चालू होत नाही, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेलाय, पण हार्ड डिस्क तेवढी बाहेर काढली, ग्रँट रोडला उतरून साडेचारशे रुपयांचा, जुनी डिस्क यूएसबीला जोडणारा आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर आणला आणि लॅपटॉपला लावला. मिनिटभर घरघर झाली आणि चक्क दोन ड्राइव्ह दिसायला लागले, सी आणि डी. डी मध्ये गाणी, आणि सी मध्ये विनॲम्पचा, म्हणजे आम्ही तेव्हा गाणी वाजवायचो त्या प्लेअरचा, फोल्डर जसाच्या तसा.

मग म्हटलं आता हे ऐकायचं तर त्याच प्लेअरवर ऐकायचं. लॅपटॉपवर विनॲम्प टाकला, गेले पंधरा दिवस घरात दुसरं काही लावलेलं नाही, आणि आता त्यावर नीट लिहावंसं वाटलं कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की तो कधीच बंद पडला. नाही पडला. फुकट आहे, विंडोज ११ वर व्यवस्थित चालतो, आणि माझ्या मते ज्यांच्याकडे स्वतःच्या गाण्यांचा फोल्डर आहे त्यांच्यासाठी आजही याच्याइतकी हाताला बसणारी वस्तू दुसरी नाही.

आधी सोबत आलेल्या पहिल्या आवाजाबद्दल. जुन्या डिस्कवर विनॲम्पच्या फोल्डरात डेमो.एमपीथ्री नावाची फाइल अजून आहे, ५ सेकंदांची. प्लेलिस्टमध्ये तिचं नाव दिसायचं डीजे माइक लामा, लामा व्हिपिन इंट्रो. एक भारदस्त रेडिओवाला आवाज म्हणतो की विनॲम्प लामाला सॉलिड फटकावतो, तो आवाज जेजे मॅके यांचा, आणि लामाची कल्पना शिकागोच्या वेस्ली विलिस या गायकाच्या बोलण्यातून उचललेली. आमच्या मजल्यावरच्या पोरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, लामा म्हणजे काय प्राणी हेही माहीत नव्हतं, पण शेवटी जी बकरीसारखी बें ऐकू येते ती सगळ्यांना यायची. पीसी आल्याच्या पहिल्या आठवड्यात घरात दुसरं गाणंच नव्हतं ना, इंटरनेट नव्हतं, सीडी आणायच्या होत्या, त्यामुळे जो कोणी कॉम्प्युटर बघायला यायचा त्याला हीच ५ सेकंदं ऐकवली जायची. परवा ती फाइल लावली आणि मधल्या खोलीतून आई म्हणाली, अगं ती बकरी का गं? बावीस वर्षांनी!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव्ह या दोघांनी १९९७ मध्ये विनॲम्प काढला, फ्रँकेल तेव्हा विशीतही पोचला नव्हता. १९९९ मध्ये एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली. मग विनॲम्प ३ आला २००२ मध्ये, तो जड होता, लोक २ वरच राहिले, म्हणून २ आणि ३ मिळून ५ असा हिशोब करून डिसेंबर २००३ मध्ये थेट विनॲम्प ५ आणला. आमच्याकडे आधी २ होता आणि दादाने (माझा मोठा चुलत भाऊ, पीसी त्यानेच जोडला) नंतर ५ टाकला. २०१३ च्या शेवटी एओएलने बंद करतो म्हणून जाहीर केलं, पण २०१४ च्या जानेवारीत रेडिओनॉमी या ऑनलाइन रेडिओच्या कंपनीने तो घेतला, मग ५.८ आला २०१८ मध्ये आणि ५.९ आला २०२२ मध्ये. मधे २०२४ मध्ये त्याचा सोर्स कोडही लोकांसमोर ठेवला होता पण महिन्याभरात परत काढून घेतला. फ्रँकेल एओएलमधून २००४ मध्येच बाहेर पडला आणि त्याने रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर केलं, घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या कितीतरी लोकांच्या मशीनवर ते आज असतं, म्हणजे आपण ज्याच्या प्लेअरवर गाणी ऐकली त्याच्याच सॉफ्टवेअरवर पुढची पोरं गाणी बनवतायत.

आता वापराबद्दल. पहिल्यांदा उघडला की बेंटो नावाची मोठी स्किन (प्लेअरचं वरचं रूप) येते, ती मला आवडत नाही, स्किनमध्ये जाऊन क्लासिक निवडा, म्हणजे तो काळपट निळा छोटा डबा येतो, हिरवे आकडे, नाचणारे पट्टे, खाली इक्वलायझर आणि त्याच्याखाली प्लेलिस्ट. आणि कीबोर्ड! दादा माऊसला हात लावायचाच नाही. खालच्या ओळीतली पाच बटणं, झेड मागचं गाणं, एक्स वाजव, सी थांबव, व्ही बंद, बी पुढचं. डाव्या हाताची बोटं तिथे ठेवली की बघायची गरज नाही, पेटीवर बोटं ठेवावीत तशी. आमच्या जुन्या कीबोर्डवर बी चं अक्षर पूर्ण पुसलं गेलं होतं. मी परवा बसले तर माझी बोटं आपोआप तिथे गेली, मला आठवावं पण लागलं नाही. जे दाबलं की छोटी खिडकी येते, गाण्याची दोन-चार अक्षरं टाईप करा, हजारो गाण्यांतून यादी तिथल्या तिथे गाळून समोर. कंट्रोल व्ही दाबलं की चालू गाणं संपल्यावर थांबतो, रात्री झोपताना हे फार कामाचं, आईसाठी मी रोज तेच करते, एक अभंग लावते, कंट्रोल व्ही, आणि दिवा बंद.

इक्वलायझर दहा पट्ट्यांचा आहे, ६० पासून १६ हजार हर्ट्झपर्यंत. जुनी नाट्यगीतं, रेडिओवरून किंवा कॅसेटवरून उतरवलेली, त्यात वरची सरसर असते, तर शेवटचे तीन पट्टे थोडे खाली ओढले आणि मधला १ हजारचा किंचित वर घेतला की गाणाऱ्याचा आवाज पुढे येतो. प्रत्येक गाण्यासाठी वेगळं सेटिंग ठेवता येतं आणि ते गाणं आलं की आपोआप लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आत्ता कळलं.

अडचणी पण सांगते. क्लासिक डबा २७५ बाय ११६ पिक्सेलचा आहे, त्या काळच्या पंधरा इंची मॉनिटरवर तो बरोबर बसायचा, आजच्या लॅपटॉपवर पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. कंट्रोल डी दाबा, दुप्पट होतो, मग वाचता येतं, पण कडा थोड्या खडबडीत दिसतात. दुसरी अडचण आपल्या भाषेची. गाण्याच्या फाइलमध्ये नाव देवनागरीत भरलं असेल तर प्लेलिस्टमध्ये नीट दिसतं पण वरच्या सरकत्या पट्टीत गडबड दिसू शकते, कारण ती पट्टी स्किनमधल्या चित्राच्या अक्षरांवर चालते आणि त्या चित्रात इंग्रजी अक्षरंच आहेत. उपाय सोपा आहे, प्रेफरन्सेसमध्ये क्लासिक स्किन्सच्या पानावर बिटमॅप फाँट वापरण्याची टिक असते ती काढायची, झालं, अभंगाचं नाव मराठीत सरकायला लागतं. आणि जुन्या फाइलींत नावं अर्धी कापलेली दिसली तर प्लेअरला दोष देऊ नका, त्या वेळच्या टॅगमध्ये (फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीत) नावाला ३० अक्षरांचीच जागा होती, आपल्या भावगीतांची पहिली ओळ त्यात मावते कुठे.

स्किनबद्दल नाही लिहिलं तर दादा बोलणार. विनॲम्पची स्किन म्हणजे साधी झिप फाइल असते, नुसतं शेवटचं एक्स्टेन्शन बदललेलं, आत बटणांची आणि पट्ट्यांची चित्रं, ती पेंटमध्ये उघडून रंगवता येतात. त्याने एक शेंदरी स्किन केली होती, बटणांच्या जागी दूर्वा आणि मोदक, प्लेच्या बटणावर मोदक. ती फाइल डिस्कवर सापडली, डबल क्लिक केलं आणि आजच्या विनॲम्पवर पहिल्या झटक्यात चढली. विशेक वर्षांपूर्वी पेंटमध्ये उंदराने (माऊसने) काढलेला मोदक माझ्या स्क्रीनवर, दाबला की गाणं सुरू. अशा हजारो लोकांनी केलेल्या स्किन्स आज विनॲम्प स्किन म्युझियम म्हणून एका जागी बघता येतात, साठ हजारांच्या वर आहेत, आणि ज्यांना काही इन्स्टॉल करायचं नाही त्यांनी वेबॲम्प बघावा, जॉर्डन एल्ड्रेज यांनी केलेला, ब्राउजरमध्येच तोच डबा चालतो.

आणि व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आवाजाबरोबर स्क्रीनवर हलणारी चित्रं. मिल्कड्रॉप सगळ्यांना आठवत असेल, रायन गाइस यांचा, २००१ चा. आमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं म्हणून तो अडखळायचा, एव्हीएस हे विनॲम्पमधलं दुसरं व्हिज्युअलायझेशन मात्र पळायचं. तर २००४ च्या गणपतीत दादाने काय केलं, थर्मोकोलच्या मखराला (तेव्हा चालायचं) मूर्तीच्या डोक्यामागे गोल कापलं आणि मागे मॉनिटर ठेवला. एव्हीएस लावलं, आणि विनॲम्पला ओपन यूआरएलमध्ये लाइन-इन अशी एक खास सूचना देता यायची म्हणजे तो फाइल न वाजवता माइकमधून येणारा आवाज घ्यायचा, ती दिली आणि साठ रुपयांचा टेबल माइक नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवला. आरती सुरू झाली. झांजा वाजल्या की बाप्पाच्या मागची प्रभावळ फुलायची, टाळ्या थांबल्या की मिटायची, आणि शेवटी सगळे एकदम मोरया म्हणाले तेव्हा पूर्ण वर्तुळ पांढरं झालं. शेजारपाजारचे सगळे परत परत मोरया म्हणून बघत होते. आजचे हजारो रुपयांचे एलईडी पॅनल बघते तेव्हा मला ती १५ इंची प्रभावळ आठवते, कारण ती आमच्या आवाजावर चालत होती.

आता आयत्या आलेल्या गाण्यांकडे येते, कारण मला खरं तर यावर जास्त बोलायचंय. विंडोज एक्सपीत माय म्युझिकच्या आत सॅम्पल म्युझिक असायचं, त्यात दोन फाइली, बेथोव्हनची नववी सिम्फनी आणि हायवे ब्लूज. आपल्यापैकी लाखो लोकांनी आयुष्यातलं पहिलं पाश्चात्य शास्त्रीय संगीत आणि पहिला जॅझ या दोन फाइलींतूनच ऐकला असणार, कोणी निवडून दिला नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं, कॉम्प्युटरसोबत आला म्हणून ऐकला. आणि कित्येकांना ते कोणाचं आहे हे आजही माहीत नाही, मलाही नव्हतं. मी यावेळी पहिल्यांदा फाइलवर राइट क्लिक करून नीट वाचलं. सिम्फनी वाजवलीय सिॲटल सिम्फनीने, संचालन जेरार्ड श्वार्झ यांचं. हायवे ब्लूज मार्क सील्स यांची रचना, वाजवणारा गट न्यू स्टोरीज, सॅक्सोफोनवर एर्नी वॉट्स. न्यू स्टोरीज हा गटही सिॲटलचाच. विंडोज करणाऱ्या मायक्रोसॉफ्टचं ऑफिस सिॲटलजवळच रेडमंडला. म्हणजे त्यांनी आपल्या गावची दोन माणसं घेतली आणि जगभर पाठवली, हे मला फार आवडलं. दादरच्या कंपनीने कॉम्प्युटर केला असता आणि त्यात शिवाजी मंदिरातल्या एखाद्या मैफलीचा तुकडा टाकला असता, तसं झालं हे.

ऐकायला कसं आहे? सिम्फनीचा तुकडा सव्वा मिनिटाचा, स्केर्झो म्हणजे दुसरा भाग, मूळ भाग दहा-बारा मिनिटांचा आहे. सुरुवातीला सगळी व्हायोलिनं एक दणका देतात, थांबतात, परत दणका, आणि मग एकटी टिंपनी, आपल्या नगाऱ्यासारखी, मोकळ्या जागेत एकदम. १८२४ मध्ये व्हिएन्नात हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा बेथोव्हनला स्वतःला ऐकू येत नव्हतं. आमच्या छोट्या स्पीकरवर त्या नगाऱ्याने टेबलावरची स्टीलची पेन्सिलपेटी थरथरायची. यावेळी मी चांगला हेडफोन लावून ऐकलं, मग न राहवून पूर्ण भाग शोधून ऐकला, आणि सव्वा मिनिट जिथे संपतं तिथून पुढे गाणं चालूच राहिलं तेव्हा अंगावर काटा आला हो, इतकी वर्षं डोक्यात ते तिथेच संपत होतं, जसं काही कोणीतरी दार लावून घेतलं होतं आणि आत्ता उघडलं.

हायवे ब्लूज दीड मिनिटाचं. सॅक्सोफोन अगदी निवांत, कुठे पोचायची घाई नाही. खोलीत बारा माणसं, स्टोव्हवर काहीतरी चाललंय, खाली परळच्या बाजूने लोकल गेल्याचा आवाज आणि मधे हे. मला वाटतं चाळीत ते गाणं जितकं वाजलं तितकं सिॲटलमध्येपण वाजलं नसेल.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टामध्ये यादी मोठी होती आणि खरंच निवडक होती, मालीचे हबीब कोइते, ब्राझीलच्या लुसियाना सूझा, आणि मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगते, कर्श काळे. तबलावादक, जन्म इंग्लंडचा, वाढले अमेरिकेत, आणि तबला इलेक्ट्रॉनिक संगीतात घेऊन जाणाऱ्यांमध्ये पुढचं नाव. काळे हे आडनाव जगभरच्या व्हिस्टाच्या मशीनवर होतं आणि आपल्यातल्या किती जणांनी ते काले असं वाचून पुढे सोडून दिलं असेल. त्यांचं डिस्टन्स परत ऐका, तबल्याची थाप आजही ताजी वाटते.

विंडोज ७ मध्ये तीनच, आणि ऑफिसमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला पाठ. मिस्टर स्क्रफ यांचं कलिंबा, ५ मिनिटं ४८ सेकंद. शिकागोच्या बॉब ॲक्री यांचं स्लीप अवे, पियानोवर. आणि देब्युसीची एक मूळ पियानोची रचना, क्लॅरिनेटवर रिचर्ड स्टोल्ट्झमन. मी अंधेरीला नोकरीला होते तेव्हा ऑफिसात गाण्याच्या सगळ्या साइट बंद आणि पेनड्राइव्ह लावायला मनाई, त्यामुळे मार्च एंडिंगच्या रात्री उशिरापर्यंत आख्ख्या मजल्याला ही तीनच. कोणीतरी कलिंबा लावलं की कळायचं आता चहा येणार. स्लीप अवे मी अजूनही शांत व्हायला ऐकते, ते खरंच सुंदर आहे, फुकट आलं म्हणून आपण त्याला गाणं मानलं नाही एवढंच. विंडोज ८ पासून ही नमुन्याची गाणी येणं बंद झालं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. नवीन मशीन उघडल्यावर आत कोणीतरी आधीपासून गात बसलंय ही गोष्टच गेली.

विंडोज मीडिया प्लेअरबद्दल फार नाही लिहीत. त्याचे पट्टे आणि बॅटरी नावाचे ते फिरणारे रंग छान होते, सीडी टाकून फोल्डरात उतरवायला तो सोपा होता, पण तो लायब्ररी लायब्ररी करत बसतो, एक गाणं लावायचं तर आख्खं कपाट उघडतो. विनॲम्पला फाइल द्या, तो वाजवतो. जुना प्लेअर विंडोज ११ मध्येही लेगसी नावाने आहे, हवा त्याने बघावा.

ॲपशी तुलना कराल तर मी ॲपच्या विरोधात नाहीये, लोकलमध्ये मीही तेच ऐकते. पण एका ॲपवर आईसाठी ४० अभंग-भावगीतांची यादी केली होती, दोन वर्षांनी बघते तर नऊ गाणी राखाडी झालेली, दाबली तरी वाजत नाहीत, का ते कळत नाही. आणि नावंही गेलेली नाहीत, समोर दिसतायत, वाजत नाहीत. आई विचारते ते माणिकबाईंचं कुठे गेलं, काय सांगणार. फोल्डरातली फाइल अशी उठून जात नाही. मिनिटाला साधारण एक एमबी, १२८ केबीपीएसची साधी फाइल, आणि ती तुमची.

विनॲम्प परत टाकल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला तो प्लेलिस्टमुळे. डी ड्राइव्हवर गणपती०४ नावाची एम३यू फाइल सापडली. एम३यू म्हणजे साधा मजकूर, गाणी त्यात नसतात, फक्त पत्ता असतो. पण विनॲम्प प्रत्येक पत्त्याच्या वर एक जास्तीची ओळ लिहून ठेवतो, त्यात गाणं किती सेकंदांचं आणि नाव काय. नोटपॅडमध्ये उघडली तर २५ गाणी, त्यातली २४ सीडी ड्राइव्हवरची. नावं नाहीत, नुसतं ट्रॅक १, ट्रॅक २, कारण इंटरनेट नव्हतं तर सीडीतल्या गाण्यांची नावं येणार कुठून. फक्त सेकंद. ३८७, ४१२, २९६ असे आकडे. आणि चमत्कारिक म्हणजे ट्रॅक १ ते १३, मग चौदा नंबरला एकटं हायवे ब्लूज, सी ड्राइव्हवरचं, आणि त्यानंतर परत ट्रॅक १ पासून ११ पर्यंत, पण सेकंद वेगळे.

मी दोन संध्याकाळी घालवल्या यावर. भीमसेनजींचे अभंग आणि लताबाईंचे अभंग घरात लागायचे हे आठवत होतं, तर त्या गाण्यांच्या वेळा बघून सेकंद जुळवत बसले, एक-दोन सेकंद इकडेतिकडे धरून. जुळलं की लगेच कळायचं, गाणं लावल्यावर पुढचं कुठलं ते कान आधीच सांगायचे आणि यादीत तोच आकडा निघायचा. २४ पैकी १७ लागली. उरलेली सात नाही लागली आणि चौदा नंबरचं कोडं सुटेना, अभंगांच्या मधे सॅक्सोफोन कशाला. शेवटी दादाला फोन केला, तो आता विरारला असतो.

म्हणाला, अगं त्या दोन्ही सीडी समोरच्या काकांच्या होत्या, विकत घेतलेल्या ओरिजिनल, आदल्या रात्री दिल्या आणि कॉपी करायला वेळच नव्हता. ड्राइव्ह एकच. पहिली संपली की दुसरी टाकायला कोणीतरी तिथे पाहिजे, आणि सगळे तर मोदक वळायला बसलेले. म्हणून मधे हायवे ब्लूज घातलं. ते हार्ड डिस्कवरून वाजतं, सीडी लागत नाही, दीड मिनिट मिळतं. तो बाजा वाजायला लागला की आतून कोणीतरी धावत यायचं आणि ट्रे उघडून सीडी बदलायची, दुसरी फिरायला लागेपर्यंत ते संपायचं आणि अभंग चालू. मी म्हटलं कोण यायचं धावत? म्हणाला, तूच की, हाताला पीठ लागलेलं म्हणून कोपराने बटण दाबायचीस.

मला हे अजिबात आठवत नव्हतं. मग मी फोनवरच ते लावलं, आणि दीड मिनिट आम्ही दोघं काही बोललो नाही, आणि संपायच्या आधी दादा म्हणाला, बदल सीडी.

उरलेल्या सात गाण्यांपैकी चार त्याने सांगितली, तीन काकांच्या मुलीला विचारतो म्हणालाय. आकडे आहेतच, ३८७ सेकंदांचं ते एक फार महत्त्वाचं आहे, ते पहिल्या दिवशीच्या आरतीनंतरचं. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाहीये, बदलायचं काहीच नाही, तरी नवीन यादीत चौदा नंबरला हायवे ब्लूज जिथल्या तिथे ठेवलंय, मोदकाची स्किन चढवलीय, आणि माइक शोधतेय कारण लाइन-इनचं ते परत जमतं का हे मला गणपतीच्या आधी बघायचंय.